एस्सिटालोप्राम ही नैराश्य-चिंतेवरची गोळी सुरू करून चार दिवस झाले. मळमळ होते, झोप लागत नाही. बंद करू का? सवय तर लागणार नाही ना?

स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांना आजच फोन करून त्रास सांगा. मी डॉक्टर नाही, पण हीच गोळी दीड वर्ष घेतली आहे.

माझंही अगदी असंच झालं होतं. सकाळी चहाचा वास सोसवेना, दुपारी जांभयांवर जांभया आणि रात्री टक्क जागी. या गोळ्यांत त्रास आधी होतो, गुण मागाहून येतो. मळमळ, डोकेदुखी बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. मन सावरायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. हे मला कुणी आधी सांगितलं असतं, तर पहिल्या खेपेला आठव्या दिवशीच गोळ्या फेकून दिल्या नसत्या. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात केली, गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितली. ते सोसलं.

सवयीचं म्हणाल, तर चिठ्ठी पुन्हा बघा. झोपेसाठी सोबत क्लोनाझेपाम दिली असेल तर सवय लागण्याची भीती तिची. ती किती दिवस घ्यायची ते स्पष्ट विचारून घ्या. एस्सिटालोप्रामची तल्लफ येत नाही. पण एकदम सोडली की चक्कर येते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं. म्हणून ती हळूहळूच उतरवतात, आणि तीही बरं वाटू लागल्यावर लगेच नाही; आजार उलटू नये म्हणून साधारण सहा महिने चालू ठेवतात.

एका त्रासाबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही: कामेच्छा कमी होऊ शकते आणि ती आपोआप परत येईलच असं नाही. लाजू नका, सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी घेण्याआधीही विचारा; दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

तुमचं वय पंचविशीच्या आत असेल तर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत काहींच्या मनात आत्महत्येचे विचार वाढतात. विलक्षण अस्वस्थता, एका जागी बसवेना, जीव द्यावासा वाटला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. तेव्हाच डॉक्टरांना गाठा किंवा थेट रुग्णालयात जा. टेली मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो, मराठीतही बोलता येतं.