प्रोटॉन-प्रोटॉनसारख्या छोट्या टकरीतपण क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा (प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्यातले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे झालेलं अतितप्त द्रव्य) बनतो का?

बहुतेक हो, पण थेंबभरच आणि तोही ज्या टकरीत खूप जास्त कण बाहेर पडतात तिथेच. २०१० साली एलएचसी या जिनिव्हाजवळच्या कण-त्वरकावर सीएमएस प्रयोगाला प्रोटॉन टकरींत दिसलं की बीमच्या दिशेने लांब-लांब गेलेले कणपण एकमेकांशी जुळवून एकाच बाजूला निघतायत, तोवर हे जड अणुकेंद्रांतच दिसायचं. मला सगळ्यात पटतो तो अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या फिनिक्स प्रयोगाचा पुरावा, त्यांनी सोन्याच्या अणुकेंद्रावर प्रोटॉन, ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन), हेलियम-३ (तीन कणांचं अणुकेंद्र) असं एकेक आदळून बघितलं तर ड्यूटेरॉनला लंबगोल आणि हेलियम-३ला तिकोनी प्रवाह जास्त मिळाला, म्हणजे सुरुवातीचा आकार शेवटच्या कणांत उमटतो, द्रवात होतं अगदी तसं. फक्त एक गोष्ट अडते, खऱ्या प्लाझ्म्यात जेटची (एकाच दिशेने सुटलेल्या वेगवान कणांच्या झोताची) ऊर्जा शोषली जाते ते प्रोटॉनच्या टकरींत अजून स्पष्ट सापडलेलं नाही.