'दाद' म्हणजे टाळ्या नव्हेत

प्रश्न अंधेरीच्या एका छोट्या फर्ममधून आलाय. सरकारी कामाची ई-निविदा भरली आणि तांत्रिक लिफाफ्यातच उडाले, आर्थिक लिफाफा उघडलाच नाही. कारण म्हणून पत्रात एक ओळ: 'प्रपत्र विहीत नमुन्यात नसल्याने निविदा अपात्र'. आता कोर्टात जायच्या आधी खात्याला मराठीत पत्र द्यायचंय, त्यात प्रश्नकर्त्या ताईंनी 'या निर्णयाविरुद्ध आम्ही दाद मागत आहोत' असं लिहिलं, तर साहेब म्हणाले की दाद गाण्याला देतात, शिवाय शब्द उर्दू आहे, 'न्याय मागत आहोत' करा. कोण बरोबर?

तुम्ही बरोबर, ताई. साहेब चूक. पण साहेबांना तरी एकट्याला काय बोलायचं, परवाच बातम्यांच्या पट्टीवर वाचलं, 'कंत्राटदाराची हायकोर्टाला दाद', म्हणजे काय, हा माणूस कोर्टात उभा राहून क्या बात है क्या बात है करत होता? दाद कोर्टाकडे मागायची असते हो. कोर्टाला दिली की ती वाहवा होते. एवढा एक 'ला' आणि 'कडे'चा फरक, तोही आता जड व्हायला लागलाय.

मैफिलीतली दाद सगळ्यांना माहीत आहे, ती सोडून देतो. लोकलच्या डब्यात 'दाद, खाज, खुजली' असं चिकटवलेलं असतं तीही सोडून देतो, ती हिंदी दाद संस्कृत 'दद्रू'वरून आलेली, तिचा इथे काही संबंध नाही, आपण तिला गजकर्ण म्हणतो. आपली दाद फारसी. फारसीत 'दाद' म्हणजे न्याय, आणि त्याच्याही मागे जुन्या इराणी भाषेत 'दात' म्हणजे कायदा. इराणच्या दारयवहु (इंग्रजीत डरायस) सम्राटाने बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरून घेतला त्यात हे सगळे देश माझ्या 'दाता'प्रमाणे वागले असं तो सांगतो, म्हणजे शब्द अडीच हजार वर्षांचा झाला. हिब्रूने तोच उचलला, तिथे 'दात' म्हणजे कायदा आणि पुढे धर्मसुद्धा. आणि इतक्या लांब कशाला जायचं, हायकोर्टातून बाहेर पडून फोर्टातल्या एखाद्या अग्यारीपर्यंत चालत जा, पारशांचा जो वेंदिदाद नावाचा धर्मग्रंथ मध्यरात्रीनंतर म्हणतात त्याचं मूळ नाव 'वी-दएव-दात', दएवांविरुद्धचा कायदा, त्याच्या शेपटाला तीच आपली दाद. (त्यांच्याकडे दएव म्हणजे राक्षस बरं का, आपल्याकडचे देव तिकडे गेले की पार्टी बदलतात.)

आता इथे आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आडवे येतात. त्यांचं म्हणणं दाद 'दा' धातूवरून, 'दा' म्हणजे देणे, म्हणून 'दाद देणे', झालं, विषय संपला. मास्तर, इतकं सोपं असतं तर डिक्शनऱ्या कशाला लागल्या असत्या! इराणी बाजूला महाप्राण, म्हणजे भ, ध यांतला 'ह', गळतो, आपला भ्राता तिकडे बिरादर होतो, आपली भूमी तिकडे बूम. तसाच आपला 'धा', म्हणजे ठेवणे, घालून देणे, तिकडे 'दा' होऊन बसला आणि देण्याच्या 'दा'च्या अंगावर जाऊन पडला. दिसतात एक, पण माणसं दोन. कायदा हा दिलेला नसतो, घालून दिलेला असतो. म्हणजे दादचा धातू धा.

आणि आता ताई तुमचं पत्र परत काढा, मला त्यातच खरी मजा आली. या 'धा'ला संस्कृतात 'केलेला, झालेला' असा अर्थ देणारा क्त प्रत्यय लावला की काय होतं? धात नाही, 'हित' होतं, पाणिनीने त्यासाठी 'दधातेर्हिः' असं वेगळं सूत्रच घालून ठेवलंय. त्यातून संहिता आली, अभिहित आलं, आणि विहित आलं! म्हणजे 'विहित'मधलं हित आणि 'दाद' ही एकाच धातूची, एकाच प्रत्ययाची दोन रूपं, एक भाऊ संस्कृतातून सरकारी छापील नमुन्यात जाऊन बसला आणि दुसरा इराणातून फिरत फिरत तक्रारदाराच्या खिशात आला. खात्याने तुम्हाला विहित नाही म्हणून बाद केलं आणि तुम्ही त्याविरुद्ध दाद मागताय! मी हे वाचून दोन वेळा खुर्चीतून उठलो, बायको म्हणाली काय झालं, सांगितलं, तर म्हणाली बरं, गॅस बंद करून या.

म्हणून 'उर्दू शब्द, काढून टाका' म्हणणाऱ्या शुद्धीवाल्यांना माझं सांगणं आहे की दाद काढायची तर विहित पण काढा, रक्त एकच आहे. शिवाय अर्ज, कागद, तारीख, वकील, हे काढल्यावर पत्रात उरणार काय, फक्त 'महोदय'.

माझा एक लाडका तर्क पण सांगून टाकतो, मानायचा तर माना. 'खोकला औषधाला दाद देत नाही', 'कुलूप किल्लीला दाद देत नाही' असं आपण म्हणतो, यातली दाद वाहवाची नाही आणि गाण्याची तर नाहीच. मला वाटतं इथे खोकला न्यायासनावर बसलाय आणि औषध बिचारं अर्जदार, तारखेवर तारीख, सकाळ संध्याकाळ दोन दोन चमचे. आमच्या घराच्या कुलपासमोर मी पावसाळ्यात रोज असाच अर्जदार असतो, खोबरेल तेलाचं बोट लावून विनवण्या करत.

हां, साहेबांचा 'न्याय' राहिलाच. न्याय आणि दाद एक नव्हे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मुंबईच्या विमानतळावरचा आहे. १९७७ मध्ये तिथे सेकंड क्लास रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला निविदा मागवल्या, अट अशी की निविदा भरणारा 'रजिस्टर्ड सेकंड क्लास हॉटेलियर' हवा आणि पाच वर्षांचा अनुभव हवा. काम दिलं कँटीनचा अनुभव असलेल्यांना. रमणा शेट्टी यांनी याचिका केली, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, तिथे शब्दावरूनच खल झाला, दर्जा हॉटेलला असतो, माणसाला कुठे असतो, मग 'सेकंड क्लास हॉटेलियर' या शब्दाला अर्थच नाही असा बचाव होता. न्या. भगवतींनी १९७९ च्या निकालात तो मानला नाही, सरकारी यंत्रणेने स्वतः घातलेली अट स्वतः पाळलीच पाहिजे असं सांगितलं. पण कंत्राट काही रद्द केलं नाही, शेट्टींनी स्वतः निविदा भरलेली नव्हती, यायलाही उशीर केला, आणि तोवर तिकडे रेस्टॉरंटवर पैसे लागून गेले होते. म्हणजे मुद्दा बरोबर ठरला, दाद मिळाली नाही! वकील ज्याला रिलीफ म्हणतात ती ही दाद. तुम्हाला नुसतं 'तुमचं बरोबर होतं' ऐकायचं नाहीये, तुम्हाला तो दुसरा लिफाफा उघडायला हवाय, तेव्हा दादच मागा, आणि लवकर मागा.

आणि एक, 'विहित'मधला हि ऱ्हस्व. तुमच्या मजकुरात तो नीट करा. खात्याच्या पत्रातली ओळ अवतरणात देताना मात्र त्यांचा दीर्घ 'विहीत' तसाच ठेवा, त्यांचा नमुना आपण बदललेला चालत नाही.