मुलगा म्हणतो, ‘आई, आता बस’

वाचकांची पत्रं आणि उत्तरं. उत्तरं देतात यवतमाळ जिल्ह्यातल्या एक निवृत्त आरोग्य सेविका.

प्रश्न : ताई, माझं वय ५४. आम्ही दारव्हा तालुक्यातले, सात एकर कोरडवाहू वावर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून निंदण, कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी सगळं केलं. दोन वर्षांपूर्वी मुलगा पुण्याला नोकरीवर लागला. त्यानं घरात कुलर, कपड्याची मशीन, बोअरची मोटर, सगळं करून दिलं. म्हणाला, “आई, आता बस झालं. तुले काहून जावं लागते वावरात?” पहिले सहा महिने लय बरं वाटलं. आता सकाळी उठलं की टाचा धरतात, गुडघे दुखतात, रात्री झोप नाही. गावातल्या शिबिरात साखर काठावर निघाली. दुपारी हे उन्हात राबतात आणि मी कुलरसमोर बाजेवर, याचीही टोचणी लागते. मागच्या वेचणीला न राहवून एक दिवस मजूर बायांसोबत गेले, तर तीन दिवस उठता आलं नाही. मुलगा फोनवर रागावला. आता तुम्हीच सांगा, मला आराम सोसत नाही की काम?

उत्तर : ताई, तुम्हाला सोसला नाही तो दोन्हींच्या मधला खड्डा. दोन वर्षं पूर्ण आराम, मग एकदम पूर्ण दिवस वेचणी. उन्हाळाभर दावणीला बांधलेली जोडी मृगात पहिल्याच दिवशी कोणताही जाणता कास्तकार दिवसभर जुंपत नाही. अर्धा दिवस वखर हाकतो आणि सोडतो, नाही तर खांदेसूज येते. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच खांद्याला हळद-तूप लावून शेकतो. बाईच्या खांद्याचा असा हिशोब आपल्या घरांत कोणी ठेवत नाही, म्हणून तो तुम्ही स्वतः ठेवायचा आहे.

हे मी माझ्या पायावरून शिकले. २०११ च्या पावसाळ्यात लसीकरणाला जाताना नाल्याजवळ घसरले, घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. घरच्यांनी पाण्याचा पेलाही हातात आणून दिला. प्लास्टर कापलं तेव्हा माझीच पोटरी मला ओळखू येईना. दुसऱ्या पोटरीच्या जवळजवळ अर्धी झाली होती, कातडी सैल लोंबत होती. ती भरून यायला तीन महिन्यांहून जास्त लागले, आणि त्या तीन महिन्यांतली प्रत्येक पायरी दुखली. अवकाशात राहणाऱ्या माणसांच्या शरीराला वजन पेलावं लागत नाही, तर व्यायाम करूनही त्यांच्या कमरेचं हाड महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं, असं नंतर मी वाचलं, तेव्हा मला माझी ती पोटरीच आठवली. हाड असो की स्नायू, भार आला तरच शरीर ते जपतं. पाळी गेल्यावर बाईचं हाड तसंही लवकर झिजू लागतं, त्यामुळे तुमच्या वयात हे जास्तच लागू आहे.

साखरेचंही असंच. चालताना, वाकताना, उचलताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. तुम्ही जेवून लगेच बाजेवर पडता तेव्हा ती साखर तशीच रक्तात फिरत राहते. तेव्हा पहिला बदल इथून करा. दोन्ही जेवणांनंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. उन्हात नको, ओसरीत चाललात तरी चालेल. तीन महिन्यांनी उपाशीपोटी साखर पुन्हा तपासून घ्या.

पण ताई, एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. कष्ट म्हणजे पुण्य असं मी मानत नाही. उपकेंद्रावर २९ वर्षं काढली. नववा महिना लागला तरी कंबरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया पाहिल्या. रक्त सात ग्रॅमवर आलेलं, आणि घरचे कौतुकानं सांगायचे, आमची सून लय सोशिक आहे. ते ऐकून माझा जीव जळायचा. त्या सोसण्यातून तिला काहीच परत मिळत नव्हतं, फक्त तिच्यातलं जात होतं. म्हणून मुलानं आणलेली मशीन आनंदानं वापरा. दोन हंडे डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन विहिरीवरून येण्यात तब्येतीचं काही भलं नव्हतं. बोअरचं पाणी घरात आलं हे फार चांगलं झालं.

वावरात मात्र जा, ताई. यंदा सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाली आणि वेचणी सुरू झाली की आठवड्यातून तीन दिवस, सकाळी दोन तास. किलोवर मजुरी घेणाऱ्या बायांची बरोबरी करू नका, त्यांचं पोट त्यावर आहे. ओटी चार-पाच किलो झाली की मोकळी करा. निंदणाला उकिडवं बसू नका, तुमच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. गुडघ्यांवर जोर येणार नाही अशी उभ्यानं करायची कामं घ्या. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास वाढवा. किती वाढवायचं ते दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगेल. अंग ठणकलं पण चुलीपाशी जाईपर्यंत मोकळं झालं, तर बरोबर चाललंय. गुडघा सुजला किंवा दुखणं एका दिवसापेक्षा जास्त टिकलं, तर अर्धा तास कमी करा. टाच मात्र डॉक्टरांना दाखवा, आणि अनवाणी चालू नका.

फवारणीच्या दिवशी वावरात पाय ठेवायचा नाही. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २०हून अधिक माणसं गेली. तिथे अंगाला सवय होते असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. विषाची सवय होत नसते. यजमानांनाही हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ देऊ नका, आणि वाऱ्याच्या तोंडाला फवारणी करू देऊ नका.

टोचणीबद्दल म्हणाल, तर तुम्ही कुलरसमोर बसल्यानं त्यांचं ऊन कमी होत नाही, आणि तुम्ही उन्हात उभं राहिल्यानंही नाही. चैत्र-वैशाखात ११ ते ४ त्यांनाच घरी बोलवा. दोघं कुलरसमोर बसा. मला वाटतं, तुमच्या झोपेचं निम्मं दुखणं अंगाचं आहे आणि निम्मं बायांच्या त्या घोळक्याचं, जिथे तीस वर्षं तुम्ही सुखदुःख बोललात. मुलाला राग येऊ देऊ नका. तो घरी आला की एका सकाळी त्याला सोबत न्या आणि तुम्ही दोन तासांनी परतता हे त्याला दाखवा.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. अंग कणखर व्हावं म्हणून यंदा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दुपारी दोन वाजता १६०० मीटर धावलो. डोकं गरगरलं, उलटी झाली. मित्र म्हणतात, मन घट्ट कर, सवय होईल. मन कसं घट्ट करू?

उत्तर : बाळा, मन पुरेसं घट्ट आहे तुझं, उगाच त्याला दोष देऊ नको. उन्हाची सवय अंगाला होते हे खरं, पण त्याला एक ते दोन आठवडे लागतात, आणि रोज थोडं थोडं वाढवलं तरच होते. नागपूरला मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. हवा अंगापेक्षा इतकी तापली की अंगाची उष्णता हवेत जात नाही, घामाचाच एक आधार उरतो, आणि धावताना तर आतूनही उष्णता तयार होते. शरीराचं तापमान १०४ अंश फॅरनहाइटच्या वर गेलं आणि माणूस बरळू लागला, तर तो उष्माघात. अशा वेळी सावलीत न्यायचं, कपडे सैल करायचे, अंगभर पाणी ओतून वारा घालायचा, आणि गाडी बोलवायची. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. हे तुझ्या त्या मित्रांनाही सांग.

पहाटे पाच वाजता धाव. दोन दिवस जोरात, एक दिवस नुसतं चाल. दम लागेल, मांड्या पेटतील, तेवढं अवघड पुरे आहे. उन्हाळ्यात तहान लागायच्या आधी पाणी पी, आणि मीठ घातलेलं ताक किंवा आंबील घे. आजी खिशात कांदा ठेवायला सांगत असेल तर ठेव, तिच्या जिवाला बरं वाटेल, पण पाण्याची बाटली सोडू नको. आणि उलटी झाल्यापासून अजून डोकं जड वाटत असेल, तर उद्याची धाव राहू दे. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ये.