प्राइस कॅप असताना दुकानाच्या टेलिफोनचं भाडं वाढू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मस्जिद बंदरला दुकान आहे, बिझनेस प्लॅनच्या दोन लाइन आहेत. सरकारने टेलिफोनच्या दरांवर प्राइस कॅप, म्हणजे दरवाढीची टक्क्यांतली कमाल मर्यादा, लावली, तर तुमचं बिल त्या टक्क्यापेक्षा जास्त वाढणार नाही ना?

वाढू शकतं. कॅप तुमच्या बिलावर नसते, कंपनीच्या सगळ्या दरांच्या सरासरीवर असते.

आधी पद्धत बघू. यंदा सरासरी दर किती टक्के वाढवता येतील? महागाईचा दर वजा ‘एक्स’. फोन कंपनीची कार्यक्षमता बाकी अर्थव्यवस्थेपेक्षा जेवढी जास्त सुधारेल असा नियामकाचा अंदाज असतो, तो हा एक्स. ब्रिटनमध्ये १९८४ साली ब्रिटिश टेलिकॉमचं खाजगीकरण झालं तेव्हा एक्स ३ होता. १९९३ मध्ये तो ७.५ पर्यंत गेला. अमेरिकेत १९९१ पासून मोठ्या स्थानिक कंपन्यांच्या आंतरराज्य कॉल जोडून देण्याच्या दरांना हीच पद्धत लागू झाली आणि पुढे बऱ्याच राज्यांच्या आयोगांनी स्थानिक घरगुती व बिझनेस दरांसाठी ती घेतली. आधीच्या पद्धतीत कंपनीला खर्च अधिक ठरावीक नफा मिळायचा, त्यामुळे खर्च कमी करण्याची तिला गरजच नव्हती. कॅपमध्ये वाचवलेला पैसा, निदान पुढच्या आढाव्यापर्यंत, कंपनीकडे राहतो.

आता खरी मेख. सरासरी काढण्यासाठी सेवांची एक ‘बास्केट’ करतात आणि प्रत्येक सेवेला मागच्या वर्षीच्या उत्पन्नाइतकं वजन देतात. समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. कंपनीच्या १०,००० बिझनेस लाइन, भाडं ३०० रुपये: महिन्याला ३० लाख. एक रुपयाचे ५० लाख कॉल: ५० लाख. नवीन जोडणी वगैरे: २० लाख. एकूण १ कोटी, म्हणजे वजनं ३०, ५० आणि २०. महागाई ५ टक्के, एक्स ३, म्हणून सरासरी वाढ जास्तीत जास्त २ टक्के.

कंपनी भाडं २० टक्के वाढवून ३६० करते; सरासरीत त्याने ६ टक्क्यांची भर पडते. मग कॉलचा दर ८ टक्के कमी करून ९२ पैसे करते; त्याने ४ टक्के उतरतात. निव्वळ वाढ बरोबर २ टक्के, नियमात चोख.

ज्या दुकानातून महिन्याला एका लाइनवर ४० कॉल जातात, त्याचं बिल ३४० वरून ३९६ रुपये ८० पैसे झालं: जवळपास १७ टक्के वाढ. ज्या ऑफिसातून दर लाइनला ९०० कॉल जातात, त्याचं १,२०० वरून १,१८८: एक टक्का घट. कॅप दोघांना एकच! लहान गिऱ्हाईक इथेच मारलं जातं, आणि हे कुणाच्या लबाडीने होतं असंही नाही. जिथे स्पर्धा आहे तिथे दर उतरवायचे आणि जिथे गिऱ्हाइकाला पर्याय नाही तिथे चढवायचे, हे त्या गणितातच बसतं.

यावर उपाय आहेत, आणि नियामकाने ते पहिल्याच आदेशात लिहायला हवेत. घरगुती आणि बिझनेस बास्केट वेगळ्या ठेवायच्या, म्हणजे एकीतली कपात दुसरीतल्या वाढीसाठी वापरता येत नाही. त्याच्या आत भाड्यावर स्वतंत्र उपमर्यादा घालायची, उदाहरणार्थ महागाईपेक्षा २ टक्क्यांहून जास्त वाढ नाही. वरच्या उदाहरणात भाडं मग ३२१ च्या पुढे गेलंच नसतं. एक-दोन लाइनवाल्या लहान व्यावसायिकांचा गट तर मी वेगळाच काढेन. पीआरआय नावाची डिजिटल जोडणी घेणाऱ्या, तिच्यावर एकाच वेळी ३० कॉल (चॅनल) चालवणाऱ्या कंपनीला भाव करता येतो. लोहार चाळीतल्या दुकानदाराला येत नाही.

सवलतींकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. मोठ्या गिऱ्हाइकाशी खाजगीत ठरवलेली सूट बास्केटमध्ये मोजू दिली, तर सरासरी उतरते आणि तेवढीच जागा लहानांचे दर वाढवायला मोकळी होते. म्हणून जो प्लॅन कुणालाही घेता येतो तोच मोजायचा. शिवाय कॅपखाली खर्च वाचवायचा सोपा रस्ता म्हणजे दुरुस्तीची माणसं कमी करणं, त्यामुळे सेवेच्या दर्जाचे नियम सोबत नसतील तर कॅप अर्धवटच.

मुंबईत तुमच्यावर सध्या हे सूत्र लागू नाही. ट्रायने, म्हणजे आपल्याकडच्या दूरसंचार नियामकाने, १९९९ च्या दर आदेशात काही दरांना कमाल मर्यादा घातल्या, पण पुढे बहुतेक दर कंपन्यांवर सोपवले. ग्रामीण लँडलाइन, रोमिंग, लीज्ड लाइन (एकाच गिऱ्हाइकासाठी राखीव भाड्याची लाइन) असे मोजके अपवाद उरले. शहरातली बिझनेस लाइन त्यात येत नाही. स्पर्धा दर आवरेल, हा त्यामागचा विचार. बीकेसीच्या नव्या टॉवरमध्ये तीन-चार कंपन्यांची फायबर आलेली असते, तिथे तो पटतो. पागडीच्या जुन्या इमारतीत तांब्याची एकच केबल असेल तर नाही. स्पर्धा शहरभर मोजून भागत नाही, इमारतीच्या डक्टमध्ये मोजावी लागते, असं माझं ठाम मत आहे.

तरी काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. कंपनीला नवा दर लागू केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवावा लागतो. एकाच वर्गातल्या ग्राहकांत भेदभाव करता येत नाही; बिझनेस आणि घरगुती असे वर्ग करता येतात, पण वर्गवारी मनमानी नको. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्यातला दर वाढवता येत नाही, म्हणून प्लॅन सुरू झाल्याची तारीख असलेलं पहिलं बिल फाइलला लावून ठेवा. त्याआधीच वाढ आली तर कंपनीच्या तक्रार केंद्रात तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्या, निकाल लागला नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रार सोडवत नाही, तिकडे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता मात्र सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या निकालाने मोकळा आहे. फक्त, दुकानासाठी घेतलेली लाइन ‘व्यावसायिक हेतू’ची आहे असा आक्षेप समोरून येऊ शकतो, दुकान स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर अर्जात ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.