हरलेला सामना आधी बघ

पोरी,

तुझा काल रात्रीचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. सव्वासहा मिनिटांत तू पाच वेळा म्हणालीस, "काका, मला कळतच नाहीये." साहेबांनी त्या ज्युनिअर, म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातल्या, क्वार्टरबॅकवर एक पान मागितलंय; अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून चाल चालवणारा तोच. जानेवारीच्या मध्यापर्यंत मुलगा ड्राफ्टसाठी, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातली पोरं निवडून घेतात त्या एप्रिलच्या निवडीसाठी, नाव देणार की आणखी एक वर्ष कॉलेजात काढणार, हे ठरेल. तू त्याच्या नऊ विजयांची फिल्म बघून काढलीस. आकडे छान, उंची छान, पंजा मोठा, चेंडू साठ यार्ड लांब जातो. तरीही 'तयार' हा शब्द लिहायला तुझा हात धजत नाही.

नऊ विजय पाहिलेस. मग हरलेले तीन सामने? सव्वासहा मिनिटांत त्यांचा उल्लेख एकदाही नाही. फोन केला असता तर मी चिडलो असतो, म्हणून लिहितोय.

हरलेला सामना आधी बघ. विजयांच्या आधी, आकड्यांच्या आधी, ऑफिसातल्या कुणाचंही मत कानावर पडण्याच्या आधी.

सप्टेंबरमधल्या दुबळ्या संघांविरुद्धच्या त्या चाळीस-चाळीस गुणांच्या विजयांत तुला काय दिसलं ते मी न बघता सांगतो. चाल बाकावरून आली, पोराने एका रिसीव्हरकडे, म्हणजे चेंडू झेलणाऱ्याकडे, पाहिलं, तो मोकळाच होता, चेंडू दिला. पुढची चाल. तशीच. ही प्रशिक्षकाची हुशारी झाली आणि पुढे उभं राहून त्याला वाचवणाऱ्या पाच लाइनमनची ताकद झाली. क्वार्टरबॅक त्या फिल्ममध्ये अजून आलेलाच नाही. तू सांगलीची आहेस. पाटा खेळपट्टीवर दीडशे काढणाऱ्याला त्या दीडशेच्या भरवशावर हिरव्या खेळपट्टीवर सलामीला पाठवत नाहीत, हे तुला घरात बसून माहीत आहे. मग इथे येऊन का विसरलीस?

आता कसं बघायचं ते. तिसरा डाउन, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत, संघ सतरा गुणांनी मागे. मैदानाच्या टोकाला, एंड झोनच्या मागच्या उंच कॅमेऱ्याची फिल्म लाव, टीव्हीवरची नको. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि आपल्याला चेंडू बघायचाच नाही. स्नॅप झाला, चेंडू पोराच्या हातात आला. डावा टॅकल, म्हणजे कडेचा लाइनमन, पहिल्याच पावलाला कमी पडला, त्याच्या खांद्याला वळसा घालून समोरच्या संघाचा एंड आत येतोय. पहिला रिसीव्हर मैदानाच्या मधून आडवा पळतोय, त्याला सेफ्टीने, मागच्या बचावपटूने, झाकलंय. इथे क्लिकर थांबव. एकेक फ्रेम पुढे घे. पोराचं हेल्मेट बघ. ते पहिल्या रिसीव्हरवरून दुसऱ्याकडे, मैदानाच्या खोल भागातच वळतंय, की किंचित खाली झुकलं? झुकलं असेल तर तो आता रिसीव्हर शोधत नाहीये, अंगावर येणारा माणूस बघतोय. जेमतेम दोन बोटांचं झुकणं असतं ते. विजयाच्या फिल्ममध्ये ते तुला सापडणार नाही, कारण तिथे टॅकल कमी पडतच नाही.

चेंडू अचूक गेला की नाही, हे नंतर. आधी हेल्मेट.

२०१६चा मोसम तू घरी असताना निघून गेला, पण त्याच्या फिल्म मिळतील. ८ ऑक्टोबरला नॉर्थ कॅरोलायना घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून ३४-३ असा हरला. मॅथ्यू वादळाचा पाऊस कोसळत होता. त्यांच्या क्वार्टरबॅकने, मिच ट्रुबिस्कीने, सबंध सामन्यात ५८ यार्ड काढले आणि दोन इंटरसेप्शन दिली, म्हणजे दोनदा चेंडू समोरच्यांच्या हातात फेकला. "वादळच होतं, तो सामना धरू नका," असं तेव्हा मी कितीदा ऐकलं. पाऊस दोन्ही संघांवर पडत होता. दोनच आठवड्यांनी, २२ ऑक्टोबरला, लबकमध्ये टेक्सस टेक ओक्लाहोमाकडून ६६-५९ असा हरला. पॅट्रिक महोम्सने ८८ वेळा चेंडू फेकला, ७३४ यार्ड काढले, आणि तरी हरला. त्या मोसमात त्याच्या संघाचे पाच विजय आणि सात पराभव. "फेकाफेकीची सिस्टीम आहे, जिंकता तर येत नाही," हेही मी ऐकलं. पुढच्या एप्रिलमध्ये शिकागोने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर येण्यासाठी जास्तीच्या निवडी मोजल्या आणि ट्रुबिस्कीला घेतलं. महोम्स दहावा गेला, तोही कॅन्सस सिटी सत्ताविसाव्या क्रमांकावरून वर चढली म्हणून. आणि पुढे मोठा झाला तो महोम्स. महोम्सच्या हरलेल्या सामन्यांत तुला काय दिसतं? पॉकेट, म्हणजे त्याच्याभोवतीचं लाइनमनचं कडं, कोसळतंय, पहिला पर्याय बंद, दुसरा बंद, आणि हा उजवीकडे पळता पळता अजून खोलच बघतोय. सामना हातातून गेलाय आणि तरी हेल्मेट वर.

तू लगेच म्हणशील, महोम्सला पहिलं वर्ष अनुभवी अॅलेक्स स्मिथच्या मागे बसवलं होतं, शेवटचा एक सामना सोडला तर खेळवलंच नाही. म्हणजे तो तरी कुठे तयार होता? बरोबर. अॅरन रॉजर्ससुद्धा सुरुवातीची तीन वर्षं बसला. तयार म्हणजे उद्या सकाळी मैदानात उतरवायचा, असं मी म्हणतच नाही. जे शिकवता येत नाही ते त्याच्याकडे आधीच आहे का, एवढंच त्या पानावर लिहायचं असतं. आणि ते हरताना दिसतं.

जॉश अॅलनच्या बाबतीत मी चुकलो होतो, हे तुला माझ्याकडूनच कळू दे. वायोमिंगचा अॅलन २०१६मध्ये नेब्रास्काविरुद्ध पाच इंटरसेप्शन देऊन हरला, पुढच्या वर्षी आयोवाविरुद्ध २४-३ हरला. मी ती फिल्म पाहिली आणि त्याला खाली ढकललं. बफेलोने २०१८मध्ये सातव्या क्रमांकावर घेतला. पहिल्या वर्षी अचूकता ५२.८ टक्के, २०२०मध्ये ६९.२, आणि २०२४च्या मोसमात तो व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू. नंतर मी तीच फिल्म पुन्हा लावली. त्याचे पाय चुकत होते, तोल मागच्या पायावर राहत होता, आणि हाव होती, प्रत्येक चेंडूवर टचडाउनच हवा. हेल्मेट मात्र एकदाही खाली गेलेलं नाही. मी फिल्म बरोबर निवडली होती, तिच्यात बघितलं भलतंच. हरलेल्या सामन्यात पोरगा चांगला खेळलाच पाहिजे असं नाही. तो कसा वाईट खेळतोय ते बघायचं. पाय दुरुस्त होतात. हावही आटोक्यात येते. समोरून येणाऱ्या माणसाची धास्ती डोळ्यांत बसली, तर ती काढणारा प्रशिक्षक मला एकोणीस वर्षांत भेटला नाही.

जुने प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांच्या नावावर सांगितले जाणारे नियम तुझ्या टेबलावर चिकटवलेले मी व्हिडिओ कॉलवर पाहिले. तीन वर्षं स्टार्टर, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीपासून मैदानात, पदवी पूर्ण, ३० सामने, २३ विजय वगैरे. त्यातले ३० सामने मला मान्य, कारण ३० सामने खेळणारा पाच-सात तरी हरतो आणि बघायला माल मिळतो. २३ विजयांचं मला काही सांगू नकोस. ट्रुबिस्की कॉलेजात १३ सामन्यांत स्टार्टर होता. अँथनी रिचर्डसनही फ्लोरिडात १३च. २०२३मध्ये तो चौथा गेला आणि दुसऱ्याच वर्षी त्याला काही काळ बाकावर बसावं लागलं. इतक्या थोड्या फिल्मवर पोराचं भवितव्य मांडायचं म्हणजे फार झालं.

आणि कुणी कॅम न्यूटन तोंडावर मारलाच, तर गप्प बसू नकोस. तो ऑबर्नकडून एकच मोसम खेळला, २०१०चा, १४ पैकी १४ जिंकले, हरलेली फिल्मच नाही. तेव्हा मी टस्कलूसाचा, अलाबामाच्या घरच्या मैदानावरचा, सामना लावला होता. अलाबामा २४-० पुढे, एक लाखाच्या वर माणसं अंगावर ओरडतायत. ऑबर्न २८-२७ जिंकलं. हरलेला सामना नसेल तर हरत असलेला अर्धा सामना बघ. कुठे ना कुठे सापडतोच.

ओहायो स्टेटच्या सी. जे. स्ट्राउडचं तर तुझ्या डोळ्यांसमोर झालंय. वर्षभर सगळे म्हणाले, पॉकेट मोडलं की हा पळत नाही. ३१ डिसेंबर २०२२ला जॉर्जियाविरुद्ध पॉकेट मोडत गेलं आणि तो पळाला, पळता पळता फेकला, आणि ओहायो स्टेट ४२-४१ हरलं. पुढे एप्रिलमध्ये कुठल्याशा चाचणीतले त्याचे गुण बाहेर फुटले आणि लोक महिनाभर त्यावर बोलत बसले. ज्यांनी तो एक हरलेला सामना नीट पाहिला होता, त्यांना त्या गुणांची गरज नव्हती.

टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि तरी महान ठरला, हे मात्र मला ऐकवू नकोस. त्या एका नावावर दर वर्षी शंभर पोरांना खोटी आशा विकली जाते.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते. संघाचं नाव लिहीत नाही, मुलाचंही नाही. अकरा विजय, एक पराभव. पराभव नोव्हेंबरमधला, गारठ्यातला. मी तो रात्री एकटा बसून पाहिला आणि वहीच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, 'दबाव आला की नजर खाली.' तिसऱ्या क्वार्टरपासून सात वेळा. एप्रिलच्या बैठकीपर्यंत खोलीतले सगळे त्या पोराच्या प्रेमात पडले होते. मी टाइप केलेल्या अहवालात ते वाक्य 'दबावाखाली सुधारणेला वाव' असं झालं. मीच केलं. कुणी हात धरला नव्हता. आपण घेतला त्याला, वरच्या फेरीत. तिसऱ्या मोसमाच्या मध्यात सोडला. सोडलेल्या खेळाडूला चालींचा टॅबलेट परत द्यावा लागतो. तो द्यायला आला तेव्हा कॉरिडॉरमध्ये मी समोर आलो. चोवीस वर्षांचं पोर. म्हणाला, "सर, तुम्ही माझ्याबद्दल काय लिहिलं होतं?"

मी म्हणालो, "चांगलंच लिहिलं होतं."

आणखी एक वर्ष कॉलेजात राहिला असता तर तो सुधारला असता का, मला माहीत नाही. माझ्या एका वाक्याने बैठकीचा निर्णय फिरला असता असंही मी म्हणत नाही. अकरा जण होते, माझी खुर्ची सर्वांत शेवटची. पण ते वाक्य कागदावर असायला हवं होतं. त्यानंतर मी एकही वाक्य मऊ केलं नाही. बैठकीत 'हा नेहमी पराभवच काढतो' असं म्हटलं गेलं, दोनदा बढती दुसऱ्याला गेली. गेली तर गेली. मिरजेहून आलेला, विद्यार्थी असताना लोखंडी मनोऱ्यावर उभा राहून सरावाचं शूटिंग करणारा पोरगा त्या खोलीत पोचला तो नीट बघतो म्हणून. बघितलेलं लिहायचंच नसेल तर मी तिथे कशाला होतो?

तू म्हणालीस, "मी कधी खेळले नाही, ते सगळे खेळलेत, मी काय बोलणार?" मीही कधी हेल्मेट घातलं नाही. खेळलेल्या माणसाला पोराची दया लवकर येते आणि फेकीचं कौतुकही लवकर वाटतं, हे मी कितीदा पाहिलंय. तुला तिसऱ्या डाउनचा चेंडू फेकता येत नाही. फ्रेम थांबवता येते. तुझ्याकडून तेवढंच मागितलंय.

पैशाची काळजीही तू करतेयस, मुलाच्या घरची परिस्थिती बेताची आहे म्हणून. २०२१च्या जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूला स्वतःच्या नावावर कमावता येतं. या पोराचं नाव मोठं आहे, तो राहिला तर उपाशी राहणार नाही. पूर्वी हा प्रश्न खरोखर जीवघेणा होता. आणि २०११पासून नवख्यांचे करार क्रमांकानुसार बांधलेले आहेत, २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला मिळाली तशी पाच कोटी डॉलरची हमी त्यानंतर कितीतरी वर्षं पहिल्या क्रमांकालाही मिळाली नाही. लीगची सल्लागार समिती ज्युनिअर मुलांना तीनच उत्तरं देते, पहिली फेरी, दुसरी फेरी, नाहीतर कॉलेजातच राहा. तिसरं उत्तर लिहिताना तुझ्यासारख्यांना अपराधी वाटतं. मला आता पहिलं लिहिताना जास्त भीती वाटते.

तर आज संध्याकाळी जेवून घे, फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि ते तीन सामने लाव. आकड्यांचा तक्ता बंद. ऑक्टोबरमधला परक्या मैदानावरचा सामना पहिला. मी तो काल तुझा मेसेज ऐकल्यावर पाहिलाय, मला काय दिसलं ते सांगणार नाही. चौथा क्वार्टर, घड्याळात नऊ मिनिटं आणि काही सेकंद, तिसरा डाउन, तेरा यार्ड. डावीकडून ब्लिट्झ, म्हणजे जादा बचावपटूंचा हल्ला, येतोय. त्याचं हेल्मेट कुठे आहे, एवढंच मला लिहून पाठव. पेन्सिलीने लिहिलेल्या पानाचा फोटो काढून पाठव, टाइप केलेलं नको.

तुझा,
काका