जुन्या मिशनरी नकाशांवरचे धर्मांचे रंग कितपत खरे मानायचे?

लोकसंख्येसाठी त्यांच्यावर विसंबू नका, पण बनवणाऱ्याची नजर कळायला ते एकदम भारी आहेत. नकाशांच्या मागे असायचे ते तक्ते बघा ना, विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्यानं १७९२ मध्ये देशवार तक्ते छापले, लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म असे रकाने, जगाची बेरीज ७३ कोटी १० लाख आणि त्यातले तब्बल ४२ कोटी नुसते ‘पेगन’, म्हणजे मूर्तिपूजक! हिंदू, बौद्ध, आफ्रिकेतल्या कितीतरी वेगवेगळ्या श्रद्धा, सगळे एकाच शब्दात कोंबलेले, पण ख्रिश्चनांचे मात्र कॅथलिक, प्रोटेस्टंट, ग्रीक-आर्मेनियन असे वेगळे आकडे. मला हे खरंच खूप खटकतं. शिवाय अख्ख्या प्रदेशाला एकच रंग दिला की तिथले अल्पसंख्य गायबच होतात, त्यामुळे आधी कोपऱ्यातली रंगांची सूची वाचा, कुणाला स्वतःचं नाव मिळालंय ते बघा.