चार आठवड्यांसाठी जपानी शिकायला जाताना तयारी दुपारची करा

तुम्ही विचारलंय की वर्षभर जपानी शिकून झालंय, एन५ची, म्हणजे जपानीच्या सगळ्यात सोप्या पातळीची, परीक्षा दिली आहे, आता चार आठवड्यांच्या कोर्ससाठी जपानला जायचंय आणि राहायचंय एका जपानी कुटुंबात. हातात तीन महिने आहेत, तर त्यात काय करावं, किती कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, पाठ कराव्यात आणि सोबत काय न्यावं?

मी असाच कोर्स क्योतोला केला, जुलैमध्ये, साधारण तुमच्याच पातळीवर असताना. त्यामुळे जे मला उपयोगी पडलं आणि जे आधी कुणी सांगायला हवं होतं, ते लिहिते.

अशा शाळांत वर्ग बहुधा अर्धाच दिवस असतो. माझा नऊला सुरू होऊन साडेबाराला संपायचा. पुढचा सगळा दिवस तुमचा. व्याकरण, कांजी, शब्दांच्या याद्या हे सगळं घरी आपल्या टेबलाशी बसूनही होतं, आणि तिथल्यापेक्षा निवांत होतं. तिथे जाऊन मिळतो तो समोर उभा असलेला माणूस, जो तुमच्यासाठी वेग कमी करणार नाही. म्हणून तयारी वर्गाची थोडी आणि दुपार-संध्याकाळची भरपूर करा. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज दुपारी खोलीत बसून कांजी गिरवायची. ती हुशार होती, पण चौथ्या आठवड्यातही दुकानात शिरताना तिला धाकधूक व्हायची. मला तिचं फार वाईट वाटायचं.

पहिल्या दिवशी बहुतेक शाळा पातळी तपासतात, थोडं लेखी, थोडं बोलणं. त्यासाठी घोकून जाऊ नका. शिकवणं जपानीतूनच चालतं, त्यामुळे झेपण्यापेक्षा वरच्या वर्गात बसलात तर चारपैकी दोन आठवडे नुसते बघण्यात जातील.

अक्षरांचं मात्र जाण्याआधीच पक्कं करा. दोन अक्षरमाला आहेत: हिरागाना ४६ आणि मुख्यतः परकीय शब्दांसाठीची काताकाना ४६. हिरागाना तुम्हाला येत असणार. काताकाना प्रामाणिकपणे तपासून बघा. एन५ झालेले पुष्कळ जण काताकाना अडखळत वाचतात, आणि खाद्यपदार्थांची यादी, वॉशिंग मशीनची बटणं, औषधाची खोकी काताकानाने भरलेली असतात. या अक्षरांचा क्रम आपल्याला परका नाही. आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ही आपली वर्णमालाच आहे. बौद्ध भिक्षू सिद्धम् लिपीतून संस्कृत अभ्यासत, तिथून हा क्रम जपानीत आला. ‘ना’ आणि ‘मा’ यांच्या मध्ये ‘हा’ कसा, असा प्रश्न मला पडला होता. फार जुन्या जपानीत त्या जागी ‘प’चा उच्चार होता, म्हणजे तो पवर्गच झाला. हे एकदा कळलं की शब्दकोश उघडताना थांबावं लागत नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपण जपानी बहुतेक इंग्रजीतल्या पुस्तकांवरून शिकतो आणि बोलतानाही मनात आधी इंग्रजी वाक्य जुळवतो. ही सवय तीन महिन्यांत मोडा. ‘मी काल घरी पुस्तक वाचलं’ हे वाक्य त्याच क्रमाने जपानीत जातं: वाताशि वा किनोओ उचि दे होन् ओ योमिमाशिता. शब्दयोगी अव्ययंही नामाच्या मागेच. ‘चा-ची-चे’ला नो, ‘हून’ला कारा, ‘पर्यंत’ला मादे. आणि ज्या ‘ते’ रूपाला सगळे घाबरतात, ते आपलं ‘ऊन’ आहे. ताबेते म्हणजे खाऊन. ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणे, आणि मिरु या क्रियापदाचा स्वतःचा अर्थही बघणे असाच आहे. ताबेते ओकु म्हणजे खाऊन ठेवणे; ओकु म्हणजे ठेवणे. ताबेते शिमाउ म्हणजे खाऊन टाकणे. सुवात्ते इमासु, बसून आहे. इंग्रजीतून हे शिकवताना प्रत्येकाला वेगळा नियम सांगावा लागतो. मराठी माणसाच्या ते जिभेवर आहे. रोज दहा मिनिटं आपल्या दिवसाबद्दलची साधी मराठी वाक्यं मोठ्याने म्हणा आणि जशीच्या तशी जपानीत टाका. चुकतील काही, विशेषतः नामामागे लागणाऱ्या वा आणि गा यांच्या बाबतीत, पण बोलायचा वेग येईल.

उच्चारांतही आपल्याला काही गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत. ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’मधला च, ‘चि’ म्हणजे ‘चिमणी’तला च. जोडाक्षरही अवघड नाही. किते म्हणजे येऊन आणि कित्ते म्हणजे टपालाचं तिकीट; ज्याला पता आणि पत्ता वेगळे ऐकू येतात, त्याला हा फरक कळतो. घोटाळा ऱ्हस्व-दीर्घात होतो. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घच म्हणतो, आणि तीच सवय जपानीत घुसते. जपानीत लांबीने अर्थ बदलतो. बिरु म्हणजे इमारत, बीरु म्हणजे बिअर. युकि म्हणजे बर्फ, यूकि म्हणजे धैर्य. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाआसान म्हणजे आजी. टाळी वाजवत मात्रा मोजून म्हणा. ओ-बा-सा-न् चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न् पाच. मी हे महिनाभर केलं आणि त्याचा उपयोग पहिल्याच संध्याकाळी झाला, कारण त्या घरात काकूही होत्या आणि आजीही.

कानांची तयारी वेगळी करावी लागते. पहिल्या दुपारी मी कोपऱ्यावरच्या कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, डब्यातलं तयार जेवण घ्यायला गेले. गल्ल्यावरच्या मुलाने एका दमात काहीतरी विचारलं आणि मला त्यातलं फक्त शेवटचं ‘देसु का’ कळलं. मागे रांग होती. मी हात जोडून ‘मोओ इचिदो ओनेगाइ शिमासु’, म्हणजे कृपया पुन्हा एकदा, म्हटलं, तेव्हा त्याने पिशवी उचलून दाखवली. नंतर लक्षात आलं की दर वेळी प्रश्न जवळपास तेच असतात: पॉइंट कार्ड आहे का, ‘ओबेंतोओ आतातामेमासु का’ म्हणजे डबा गरम करू का, ‘ओहाशि वा’ म्हणजे चॉपस्टिक हव्यात का, आणि ‘फुकुरो वा गोरियोओ देसु का’ म्हणजे पिशवी हवी का. २०२०च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, म्हणून तो विचारतोच. हवं असेल तर ‘हाइ, ओनेगाइ शिमासु’, नको असेल तर ‘दाइजोओबु देसु’. हे चार प्रश्न आदरार्थी भाषेत ऐकून ठेवा, कारण वर्गात आपण क्रियापदाला ‘-मासु’ लावून जी सभ्य भाषा शिकतो त्याहून ही एक पायरी वर असते.

दुसरं म्हणजे आकडे. जपानीत दहा हजाराचा एकक धरतात, मान्. आपला एक लाख म्हणजे जूमान्, दहा मान्. तीनशे साम्ब्याकु, सहाशे रोप्प्याकु, आठशे हाप्प्याकु, हे बदल कानावर पडता क्षणी कळायला हवेत. कुणाला तरी बसवून किमती वाचायला लावा आणि तुम्ही लिहून घ्या. ‘सेन् साम्ब्याकु हाचिजू रोकु एन्’ ऐकल्याबरोबर १,३८६ लिहिता आलं पाहिजे.

घरातली भाषा आणखी वेगळी. तिथे कुणी ‘-मासु’ लावत नाही, आणि क्योतो-ओसाकाकडे जात असाल तर ‘कळत नाही’ला वर्गात ‘वाकारिमासेन्’ आणि घरी ‘वाकाराहेन्’ ऐकू येईल. ते बोलायला शिकायची गरज नाही, ओळखता आलं तरी पुरे. एक मात्र पाळा, समोरच्याला ‘अनाता’ म्हणू नका. पुस्तकात त्याचा अर्थ ‘तुम्ही’ दिलेला असतो, पण प्रत्यक्षात नावाला ‘सान्’ लावतात, आणि यजमान बाईंना बऱ्याच घरांत पाहुणे विद्यार्थीही ‘ओकाआसान’, म्हणजे आई, असंच म्हणतात.

रात्रीचं जेवण हा तुमचा खरा तास. त्यासाठी पाच विषय तयार ठेवा, प्रत्येकी दोन मिनिटांचे, चार-पाच छापील फोटोंसह: घरची माणसं, तुमचं काम, शहर, एखादा सण, जपानी का शिकताय. प्रत्येकाच्या शेवटी एक प्रश्न ठेवा, म्हणजे बोलणं त्यांच्याकडे जाईल. मला अचानक सापडलेला सगळ्यात चांगला विषय पाकिटातच होता. २०२४च्या जुलैत जपानच्या नव्या नोटा आल्या आणि पाच हजार येनच्या नोटेवर त्सुदा उमेको आहेत. १८७१ साली, सहा वर्षांच्या असताना, सरकारी शिष्टमंडळाबरोबर त्यांना अमेरिकेला शिकायला पाठवलं. अकरा वर्षांनी परतल्या तेव्हा त्या जपानी जवळजवळ विसरल्या होत्या आणि आपलीच भाषा त्यांना पुन्हा शिकावी लागली. १९००मध्ये त्यांनी मुलींसाठी इंग्रजीची शाळा काढली, तिचंच पुढे विद्यापीठ झालं. मी नोट टेबलावर ठेवून आजींना विचारलं, ‘कोनो हितो वा दोन्ना हितो देसु का?’, म्हणजे ही व्यक्ती कशी होती? त्या अर्धा तास बोलत होत्या. मला निम्मं कळलं, पण मी एकदाही इंग्रजीकडे वळले नाही.

आहाराबद्दल नीट लिहा. शाकाहारी असाल तर शाळेच्या अर्जात नुसतं ‘शाकाहारी’ लिहून भागत नाही. मिसो सूप, उदोन या जाड शेवयांचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत ‘दाशि’, म्हणजे चवीचं मूळ पाणी, असते, आणि ती बहुधा सुकवलेल्या कात्सुओ माशाची. तुकडा दिसत नसला की त्यांच्या दृष्टीने पदार्थ बिनमाशाचा असतो, त्यात त्यांचा दोष नाही. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन्, कात्सुओ नो दाशि मो दामे देसु’ (मांस-मासे खात नाही, कात्सुओची दाशिही चालत नाही) हे वाक्य अर्जात आणि जिभेवर, दोन्हीकडे ठेवा. माझ्या यजमान बाईंनी त्यानंतर रोज रात्री कोन्बु, म्हणजे समुद्री शेवाळाची पट्टी, पाण्याच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवायला सुरुवात केली. सकाळी त्याची वेगळी दाशि तयार असायची. कांजी किती कराव्यात असं विचारलंत, तर मांस, मासे, अंडी, दूध, प्रवेश, निर्गम आणि तुमच्या स्टेशनचं नाव यांपासून सुरुवात करा, बाकीच्या वर्गात होतीलच.

घरात शिरताना बूट गेंकानमध्ये, म्हणजे दारातल्या जागेत, काढायचे, टोकं दाराकडे करून. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, चपला नाहीत, आणि संडासातल्या चपला तिथेच ठेवायच्या. अंघोळ टबाबाहेर साबण लावून पूर्ण करायची, मग टबात फक्त बसायचं. तेच पाणी सगळं घर वापरतं, म्हणून ते सोडून द्यायचं नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. ९० दिवसांपर्यंतचा कोर्स अल्प मुदतीच्या व्हिसावर होतो, मात्र त्यावर पगारी काम अजिबात चालत नाही. त्याहून लांबच्या कोर्सला विद्यार्थी व्हिसा आणि आधी जपानच्या इमिग्रेशनकडून पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं, त्याला काही महिने जातात. अल्प मुदतीवर रेसिडेन्स कार्ड मिळत नाही, म्हणून पासपोर्ट कायम जवळ बाळगायचा. विमानतळावरच्या इमिग्रेशन आणि कस्टम्सचं ‘व्हिजिट जपान वेब’वर निघण्याआधी भरून ठेवा. डॉक्टरांनी दिलेली साधी औषधं एका महिन्यापुरती आणि चिठ्ठीविना मिळणारी दोन महिन्यांपुरती नेता येतात. त्याहून जास्त असतील तर आधी ‘युन्यू काकुनिन्-शो’ हे मंजुरीपत्र काढावं लागतं. सर्दीच्या गोळ्या नेताना विशेष जपा, स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेलं औषध नेण्यावर बंदी आहे. वीज १०० व्होल्ट, प्लग दोन चपट्या पिनांचा. पैसे सेव्हन-इलेव्हन आणि पोस्टाच्या एटीएममधून निघतात. पोलीस ११०, अँब्युलन्स आणि आग ११९.

तारखा ठरवायच्या असतील तर एप्रिलअखेर ते ५ मेचा गोल्डन वीक हा सुट्ट्यांचा काळ आणि ऑगस्टमधला ओबोन हा पितरांचा सण टाळा, शाळा बंद असतात आणि फीमध्ये ते दिवस धरलेले असू शकतात. जुलै-ऑगस्टचा दमट उकाडा कठीण असतो, वर्गाआधीच माणूस थकतो.

पहिल्या सकाळी मी गेंकानमध्ये बूट घालत होते. पुस्तकात शिकवल्याप्रमाणे ‘इत्तेकिमासु’ म्हटलं. आतून, ओट्यापाशी हात पुसत, बाई म्हणाल्या, ‘इत्तेराश्शाइ’. तोवर मी हे दोन शब्द ‘बाहेर जाताना म्हणायचे’ म्हणून पाठ केले होते. त्या क्षणी त्यांचा अर्थ ऐकू आला: इत्ते म्हणजे जाऊन, किमासु म्हणजे येते. ‘जाऊन येते.’ आणि त्यांचं उत्तर, ‘जाऊन ये.’ रस्त्यावर आल्यावरही मी तो शब्द परत परत म्हणत होते.

निघण्याच्या आदल्या रात्री आजींकडून त्यांच्या हाताने त्यांचा पत्ता माझ्या वहीत लिहून घेतला. महिन्याला एक पोस्टकार्ड पाठवते, हाताने लिहून. त्यांचं उत्तर उभ्या ओळींत येतं आणि वाचायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागते. एक कोरी वही आणि चांगलं पेन नक्की न्या.